डब्यातली तारली आणि आगोटीचं सुकं: दादरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री कामावरून परतताना बसमध्ये वाचली आणि त्या नादात उतरायचा स्टॉप मागे पडला. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये रात्री साडेनऊला पावसात अर्धा मैल चालायला लागलं की माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'आठवड्याला पाच पौंडांत मासे' या माझ्या लेखावर काकांनी लिहिलं, की टिनमधला मासा म्हणजे रसायनात बुडवून ठेवलेलं मढं. त्यात पारा असतो. अर्धा डबा पाणीच असतं, त्यामुळे बचतीचा हिशोबही खोटा. दादरच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी घेतलेल्या माणसाला हे वाचवत नाही आणि वेंगुर्ल्याच्या मुलीने शिकायला आलेल्या पोरांना असले सल्ले द्यावेत याचं वाईट वाटतं. शेवटी एक टोला: 'तुमच्या काकू अजून पावसाळ्यात खारा बांगडा स्वतः भाजतात. तू तुझ्या आईला विचार, ती काय म्हणते.'

आईला विचारलं. ते पुढे येईलच.

आधी माझं चुकलं ते कबूल करते. 'रोज एक डबा फोडला तरी हरकत नाही' असं मी लिहिलं होतं. हरकत आहे. तारली (सार्डिन), बांगडा, हेरिंग असे तेलकट मासे आठवड्याला किती वेळा खावेत याची मर्यादा इथल्या एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, घालून दिली आहे. मोठ्या माणसांनी चार वेळा, आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा पुढे मूल हवं असलेल्या मुलींनी दोनच वेळा. एका वेळचा वाटा १४० ग्रॅम. समुद्रात साठलेली डायॉक्सिनसारखी प्रदूषकं माशाच्या चरबीत उतरतात, म्हणून ही मर्यादा. माझ्या वाचकांत निम्म्याहून जास्त पंचविशीच्या मुली असतील, त्यांना मी 'रोज' म्हणून मोकळी झाले. लेखात दुरुस्ती केली आहे. हे तुमच्यामुळे झालं.

पाऱ्याचं म्हणाल तर तो मुद्दा ट्यूनाला, म्हणजे आपल्या कुप्याच्या घराण्याला जास्त लागू पडतो. मोठा मासा लहान माशांना खातो, वर्षानुवर्षं जगतो, तसा पारा त्याच्या अंगात साठत जातो. गरोदर बाईने आठवड्याला ट्यूनाचे चारपेक्षा जास्त डबे खाऊ नयेत, असं एनएचएस सांगते ते त्यासाठीच. तारली पाण्यातलं बारीकसारीक खाऊन जगते आणि मोठी व्हायच्या आतच कुणाच्या तरी जाळ्यात जाते. तिच्यात पारा नावालाच. गंमत म्हणजे नवीन आलेली मुलं रांगेने ट्यूनाच उचलतात, कारण नाव ओळखीचं आणि काटे नाहीत. टिनमधला ट्यूना दोनदा शिजतो, आधी बाहेर आणि मग डब्यात. म्हणून तो तसा कोरडा, कापसासारखा लागतो. तेलकट माशांच्या हिशोबात एनएचएस त्याला धरतही नाही. प्रोटीन मात्र चांगलं मिळतं. मी महिन्याला एखादाच घेते.

पण 'रसायनात बुडवलेलं मढं' हे मात्र मी मान्य करणार नाही. स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. मासा साफ करून डब्यात भरतात, वर तेल नाहीतर टोमॅटोचा रस घालतात, झाकण हवाबंद करतात आणि आख्खा डबा मोठ्या प्रेशर कुकरमध्ये ११५-१२० अंशांवर शिजवतात. आतले जंतू मेले, बाहेरचे आत येऊ शकत नाहीत, संपलं. टिकवण्यासाठी आणखी काही घालावंच लागत नाही. माझ्यासमोर आत्ता जो डबा आहे त्याच्या पाठीवर तारली, टोमॅटो, पाणी, थोडं तेल आणि मीठ, एवढंच आहे. मीठ १०० ग्रॅमला ०.८ ग्रॅम. काकूंच्या खाऱ्या बांगड्यात किती असेल, ते तुम्हीच चाखून सांगा.

त्याच कुकरमुळे मणक्याचा काटा इतका मऊ होतो की बोटाने दाबला तरी त्याचं पीठ व्हावं. तो टाकायचा नाही. काट्यासकट १०० ग्रॅम तारलीत साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे साधारण दीड पेला दुधाइतकं. ज्या पोरांना दूध सोसत नाही त्यांना हे सांगायलाच हवं होतं आणि मूळ लेखात नेमकं तेच राहिलं.

आता पाणी. तुम्ही 'अर्धा डबा' म्हणालात, तो अर्धा नसतो, तिसरा हिस्सा असतो, पण असतो. मिठाच्या पाण्यातल्या ट्यूनाचा इथला नेहमीचा डबा १४५ ग्रॅमचा, निथळल्यावर १०२ ग्रॅम. मी पहिले सहा महिने त्या १४५ च्या आकड्यावरच हिशोब करत होते. नंतर दुकानातल्या मांडणीच्या कडेला लावलेली बारीक अक्षरांतली चिठ्ठी वाचायला शिकले. मिठाच्या पाण्यातल्या माशाचा किलोमागचा भाव तिथे निथळलेल्या वजनावरच लावायचा, असा इथला नियम आहे. टोमॅटोच्या रसातल्या माशाला तो लागू नाही, रस धरूनच वजन करतात. म्हणजे चिठ्ठीवर तारली स्वस्त दिसते तेवढी ती नसते. अशा वेळी डबा उलटा करायचा आणि घटकांत माशाची टक्केवारी बघायची. १२० ग्रॅमचा डबा, ७० टक्के मासा, म्हणजे हातात ८४ ग्रॅम. तो मी गेल्या आठवड्यात ७० पेन्सना घेतला. शंभर ग्रॅम निव्वळ मासा ८३ पेन्सना पडला, आणि त्यात डोकं, शेपटी, आतडी काहीच फेकायचं नाही. ताज्या बांगड्याचं साफ करून काय उरतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्वस्ताईचा एक धडा मात्र मी पैसे देऊन शिकले. एका दुकानात चेपलेल्या डब्यांची टोपली असते, निम्म्या किमतीत. मी आठ डबे उचलले. घरी येऊन बघते तर दोन डबे झाकणाच्या शिवणीवरच चेपलेले, आणि एकाचं बूड फुगलेलं. पोटावरचा साधा पोचा चालतो, पण शिवण दुमडलेला, गळणारा किंवा फुगलेला डबा उघडूनही बघायचा नाही, वास घेऊन ठरवू म्हणायचं नाही, सरळ कचऱ्यात. तिन्ही टाकले. निम्म्याची 'बचत' वीस टक्क्यांवर आली.

आणि आता खरा वाद. इथे ताजी मासळी मिळत नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. इथल्या कर्कगेट मार्केटात मासेवाल्यांचे गाळे आहेत आणि सुट्टी असली की मी जाते. इथला मॅकरेल आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, पण जास्त तेलकट. तळला तर चव वेगळी लागते, वाईट नाही. पण आठवड्यातले पाच दिवस मी सुटेपर्यंत गाळे आवरलेले असतात. शिवाय पाचजणांच्या घरात एक स्वयंपाकघर, आणि डोक्यावर असा स्मोक अलार्म की पोळीचा पापुद्रा करपला तरी बोंब मारतो. बांगडा तव्यावर टाकणं म्हणजे चार परक्या माणसांना रात्री पायजम्यात रस्त्यावर उभं करणं. एकदा केलंय.

तुम्ही टिनची तुलना दादरच्या ताज्या मासळीशी करताय, काका. ती सुक्याशी करा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ट्रॉलर नव्हते तेव्हाही पावसात होड्या वर ओढलेल्याच असायच्या. म्हणून आमच्या घरी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी व्हायची. सोडे, सुकट, बोंबील, खारे बांगडे, सगळं डब्यांत बंद होऊन माळ्यावर. आजी एकेक बोंबील वाकवून बघायची, मोडला तर घ्यायचा, वाकला तर परत. त्याला कुणी मढं म्हटलं नाही. मे महिन्यात समोर ताजा पेडवा असताना सुक्याला कुणी हात लावत नसे, आणि जुलैत त्याच सुक्यासाठी भांडणं होत. माझ्या पलंगाखाली खोक्यात बारा डबे आहेत. माझा जुलै इथे वर्षभर चालतो, एवढाच फरक.

तिखलंही, म्हणजे आमचं माशाचं तिखट, दाटसर कालवण, होतं त्याचं, पण नेहमीच्या रीतीने नाही. टोमॅटोचा रस थोडा गोडसर असतो, तो आधी वेगळा काढायचा. तेलात लसूण, मिरचीपूड, हळद. त्यावर तो रस टाकून कडेने तेल सुटेपर्यंत आटवायचा. मग दोन आमसुलं, चार तिरफळं ठेचून, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की गॅस बारीक करून तारल्या वरून अलगद ठेवायच्या आणि चमचा लांब ठेवून द्यायचा. मासा शिजलेलाच आहे, ढवळलात की भुगा. दोन मिनिटं झाकण, बस्स. टोमॅटोत तिरफळ घातलं म्हणून वेंगुर्ल्यात मला कुणी जेवायला वाढणार नाही, हे मला माहीत आहे.

हे सगळं करताना आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिने पातेल्यात बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गो, ह्येची तकली खंय गेली?" तकली, म्हणजे डोकं, कारखान्यातच राहिली असं सांगितल्यावर तिला माशापेक्षा त्या तकलीचंच जास्त वाईट वाटलं. मग म्हणाली, तिरफळं संपली असतील, पाठवते. तुम्ही हा कौल तुमच्या बाजूने धरलात तरी माझी हरकत नाही.

लेखात 'रोज' खोडून 'आठवड्याला दोनदा' केलं आहे, निथळलेल्या वजनाचा हिशोब टाकला आहे आणि फुगलेल्या डब्याचं वर ठळक अक्षरांत लिहिलं आहे. आता तुमच्याकडून एक हवंय. आईने मागच्या खेपेला पाठवलेले चार खारे बांगडे अजून फ्रीजरमध्ये आहेत. मी ते तासभर भिजवते तरी भाजल्यावर खारटच लागतात. काकू किती वेळ भिजवतात, आणि मधे पाणी बदलतात का, तेवढं त्यांना विचारून लिहा.