दुसऱ्या खेपेचं लंडन

‘दुसऱ्यांदा लंडनला जाणाऱ्यांसाठी’ म्हणून एका लेखात दिलेली ठिकाणांची यादी वाचली, ती म्हणजे पहिल्याच सहलीचं उरलंसुरलं वाटलं. आणखी एक राजवाडा, आणखी एक उंच गच्ची, पुन्हा रांग! परत जाण्याचा फायदाच हा की आता ‘अमुक बघायचं राहिलं का?’ म्हणून कुणी विचारणार नाही.

सेंट पॉल कॅथीड्रलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पोस्टमन्स पार्क ही चिमुकली बाग आहे. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांच्या कल्पनेतून १९०० मध्ये तिथे एक स्मारक झालं. दुसऱ्यांना वाचवताना जीव गेलेल्या साध्यासुध्या माणसांची नावं तिथल्या भिंतीवर फरश्यांवर लिहिली आहेत. अ‍ॅलिस एअर्सची फरशी जरूर वाचा: गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी, १८८५ मध्ये जळत्या घरातून तीन मुलांना वाचवलं, स्वतः मात्र वाचली नाही. एवढ्या दोन-चार ओळी, पण पाय निघत नाही.

सर जॉन सोन यांचं घरही बघाच (आता ते संग्रहालय आहे; प्रवेश मोफत, पण कुठल्या दिवशी उघडं असतं ते आधी पाहा). हा वास्तुविशारद भलताच हौशी! चित्रांच्या खोलीत भिंतीच दारासारख्या उघडतात आणि मागे आणखी चित्रं टांगलेली असतात. कर्मचाऱ्यांना विचारलंत तर उघडून दाखवतात.

बाकी लिटल व्हेनिस ते कॅम्डन या लंडनच्याच दोन भागांमधली कालव्याकाठची पायवाट आहेच. आणि ओहोटीला थेम्सच्या पात्रात उतरलात तर तिथलं काही शोधू-उचलू नका, त्याला परवाना लागतो.