दार, एक नग

“अ‍ॅब्सर्ड म्हणजे नेमकं कसं बोलायचं? मोठ्यानं की हळू?” आमच्या टॉरवालनं पहिल्याच वाचनाला विचारलं. मी तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं.

पण जाणार कुठे? नॉर्वेच्या इब्सेनचं ‘अ डॉल्स हाऊस’, म्हणजे नोरा नवरा टॉरवालला सोडून जाते ते नाटक, अ‍ॅब्सर्ड शैलीत, म्हणजे तर्काला धाब्यावर बसवून, बसवायचं ही कल्पना माझीच. आमची हौशी मंडळी दरवर्षी स्पर्धेत उतरतात आणि प्रकाशयोजनेचं उत्तेजनार्थ घेऊन परततात. यंदा परीक्षकांना खुर्चीतून हलवायचंच, असं मी कार्यकारिणीत बोलून बसलो. १८७९ सालचं नाटक. दिवाणखाना, पियानो, ख्रिसमसचं झाड, सगळं जिथल्या तिथे. ते सगळं काढायचं. भिंती नाहीत, खिडक्या नाहीत. मधोमध चौकटीसकट एक दार, बस्स. खजिनदारांना यातलं ‘भिंती नाहीत’ एवढंच कळलं आणि तेवढं फार आवडलं.

आमच्या प्रॉम्प्टरकाकांना मात्र काहीच आवडलं नाही. “बाई घर सोडून जाते, यात नवीन काय? १९४२ साली रांगणेकरांनी ‘कुलवधू’त तेच दाखवलं, वर ज्योत्स्ना भोळ्यांची गाणी दिली. तुमच्यात गाणी किती?”

“एकही नाही.”

“मग अ‍ॅब्सर्डच,” काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये, रात्री साडेआठला. म्हणजे सव्वानऊला. टॉरवाल तीस वर्षं ऐतिहासिक नाटकांत वावरलेला. बायकोला लाडानं ‘माझी चंडोल’ म्हणायचं, तर हा गडाचे दरवाजे लावून घ्यायची आज्ञा दिल्यासारखं म्हणायचा. नोराला कर्ज देणाऱ्या क्रोगस्टाडचं काम करणारा बँकेत कर्ज विभागात. नोरानं वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेलं असतं; वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. हे वाचल्यापासून तो अस्वस्थ. “पण सर, हे प्रकरण मंजूर कुणी केलं?” त्याला म्हटलं, अरे, तूच केलंस. तर दोन दिवस तालमीला आला नाही.

सगळ्यात मोठा घोळ मी स्वतःच्या हातानं घातला. नाटकात एक कुलूपबंद पत्रपेटी आहे, किल्ली फक्त नवऱ्याकडे. मी ठरवलं, पेटी माणूस असेल. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आ वासून उभा राहील आणि क्रोगस्टाड त्याच्या तोंडात पत्र कोंबेल. मुलगा नुकताच एका अभिनय शिबिराला जाऊन आला होता.

“सर, माझी बॅकस्टोरी काय?”

“तू पेटी आहेस.”

“हो, पण लाकडी की पत्र्याची?”

मी पत्र्याची म्हणालो. पुढचे आठ दिवस तो संवादांच्या मध्येच बारीक खणखणायचा. नोराला लपूनछपून खायची जी बदामी बिस्किटं असतात, त्यांच्या जागी आम्ही नानकटाई घेतली होती. ती रोज तालमीआधीच संपायची आणि पेटीच्या ओठांवर चुरा असायचा. टॅरन्टेला हा भन्नाट वेगाचा इटालियन नाच नोरानं खुर्चीत निश्चल बसून करायचा, हाही माझाच शोध. चार मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तिला झोप लागायची. बिचारी सकाळी सहाची लोकल पकडून कामावर जाणारी.

प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना रात्री सहज वाचायला बसलो आणि मला घाम फुटला. १९५० साली पॅरिसमध्ये अ‍ॅब्सर्ड नाटककार इओनेस्कोचं पहिलं नाटक बसवताना दिग्दर्शक निकोला बाताय यानं आधी वेडेवाकडे विनोदी चाळे करून पाहिले होते. जमेना. मग त्यानं नटांना सांगितलं, इब्सेन करताय असं समजून गंभीरपणे करा. नेपथ्यकाराला तर नाटक वाचायलाही दिलं नाही. इब्सेनच्याच ‘हेडा गाब्लर’ नाटकाचा दिवाणखाना कर, एवढंच सांगितलं. म्हणजे ज्यांनी अ‍ॅब्सर्ड जन्माला घातलं त्यांनी ते इब्सेन करून घातलं. आणि माझ्याकडे आयता इब्सेन होता, तर मी त्यातली पेटी खणखणवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी खजिनदारांना विचारलं, आता भिंती घेता येतील का? त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी दाराला शेवटचा हात मारला. ऑइलपेंटचा. रात्री शेवटच्या प्रवेशात नोरा नवऱ्याला सगळं सुनावून निघाली, कडी ओढली, आणि दार चौकटीला चिकटलेलं. तिनं पुन्हा ओढलं. दाराच्या दोन्ही बाजूंना मोकळं मैदान! पण दोन महिने मी तिच्या डोक्यात बसवलं होतं, भिंत आहे, भिंत आहे. प्रामाणिक मुलगी, बाजूनं गेली नाही. चेहरा हातांत लपवून बसायचं काम असलेला टॉरवाल उठला आणि गडावरच्या आवाजात म्हणाला, “थांब, मी बघतो!” दोघं ओढू लागली. मग पेटीही मदतीला आली. तेवढ्यात ध्वनिसंयोजकानं वेळ बरोबर साधून दार आपटल्याचा आवाज सोडला. धाड! दार बंद, सगळे घरातच, आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतंय.

१८८० साली जर्मनीत एका नटीनं मुलांना सोडून जायला नकार दिला, तेव्हा इब्सेननं नोरा घरातच थांबते असा शेवट नाइलाजानं लिहून दिला होता आणि स्वतःच त्याला रानटीपणा म्हटलं होतं. तिथे निदान मुलांची माया तरी होती. आमची नोरा रंग न वाळल्यामुळे संसारात राहिली.

मेकअप पुसताना तिनं विचारलं, “सर, मी बाजूनं जायला हवं होतं का?”

मी काही बोलायच्या आत पेटी म्हणाली, “कशी जाणार? भिंत होती ना.”

आठवड्यानं मिस्त्रींचं बिल आलं. दार, एक नग, चौकटीसह. बिजागऱ्या तीन. ऑइलपेंट एक लिटर. आणि खाली पेनानं वाढवलेलं: दार उघडून देणे, मजुरी वेगळी.