पंप धुवायची काही गरज नाही

प्रोग्रामिंग शिकायला लागून महिना झाला, पायथन या भाषेत दोन आकड्यांची बेरीज स्क्रीनवर उमटली, पोरगं सॉफ्टवेअर करतं हे घरच्यांनी नात्यागोत्यात सांगून टाकलं, की कोणीतरी शहाणा येऊन कानाशी लागतोच : "मॉड्यूल लिहायला शीक, म्हणजे वेगळ्या फाइलीत ठेवलेला प्रोग्रामचा तुकडा. एकदा लिहिलेलं परत वापरता आलं पाहिजे." ऐकू नका. पोळा संपल्यावर बैलाच्या झुली झटकून, घडी घालून, पुढच्या वर्षीसाठी माळ्यावर ठेवणारी ही माणसं. यांच्या आयुष्यात ऐन वेळची धावपळ नावाचं सुख नसतं.

माझं ऐका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि अडत दुकानांच्या पावत्यांचे प्रोग्राम लिहितो. खाली जे सांगतोय ते सगळं स्वतः करून पाहिलेलं आहे, आणि त्याचे पैसेही स्वतःच भरलेले आहेत.

पहिलं म्हणजे, उतरवून काढा. मी सोयाबीनची पावती लिहिली, मग दुकानदाराला तुरीची हवी झाली. सोयाबीनची फाइल उघडली, सगळी उचलली, नव्या फाइलीत टाकली आणि 'सोयाबीन' होतं तिथे 'तूर' केलं. चार मिनिटं लागली. हरभऱ्याला तीन. गव्हापर्यंत हात इतका बसला की चहा येण्याआधी पावती तयार. दिवाळीपर्यंत चौदा फायली झाल्या. माणसाची प्रगती डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि चौदा फायली दिसतात. एक फाइल लिहिणाऱ्याला गावात कोण विचारतं?

मग पोत्यामागची हमाली वाढली. चौदाही फायलींत हमाली होती, पण एका नावानं नव्हती. कुठे 'हमाली', कुठे नुसता 'ह', कुठे तर कसलंही नाव न देता उघडाबोडका आकडा. मी रात्री बसून तेरा ठिकाणी बदल केला आणि समाधानानं झोपलो. तुरीच्या फायलीत हमाली शोधून सापडली नाही, म्हणजे नसेलच, असं ठरवलं. ती होती. वेळ वाचावा म्हणून तिथे मी हमाली आणि तोलाई यांची आधीच बेरीज करून एकच आकडा लिहून ठेवला होता.

ही चूक मला सापडली नाही, दुकानदाराला सापडली नाही. हमालांच्या मुकादमाला सापडली. त्याच्याकडे कंप्युटर नव्हता, गोदामाच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या पाचपाचच्या रेघा होत्या. आठवड्याचा हिशेब घ्यायला आला, रेघा मोजल्या, हातातले पैसे मोजले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काहून भाऊ, तुह्या मशीनले तुरीचे पोते हलके लागते काय?"

हमाली एकाच जागी लिहिली असती तर बदलायचीही एकाच जागी होती, आणि चुकली असती तर पहिल्याच पावतीला कळली असती. पण मग त्या मुकादमाशी ओळख झाली नसती. आता मी दिसलो की तो आधी भिंतीकडे बघतो.

परदेशातले दाखले मनावर घेऊ नका. 1949 मध्ये केंब्रिजला एडसॅक नावाचा कंप्युटर सुरू झाला, आणि तिथल्या मंडळींना लगेच उमगलं की तेच ते गणित दर वेळी नव्यानं लिहिलं की दर वेळी नवी चूक होते. म्हणून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी तपासून पक्के केलेले प्रोग्रामचे तुकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर उतरवून कपाटात लावून ठेवले. तुकडा हवा असला की पट्टी काढायची, तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या पट्टीवर उठवायची आणि मूळ पट्टी परत कपाटात ठेवायची. कोणता तुकडा काय करतो आणि त्याला हाक कशी मारायची हेही लिहून ठेवलेलं. 1951 मध्ये यावर त्यांनी पुस्तकसुद्धा काढलं. म्हणजे नक्कल तेही करत होते. फक्त ते नकलेत 'सोयाबीन' खोडून 'तूर' करत नव्हते. आपण हाडाचे कलाकार.

आता समजा तुम्हाला उपरती झालीच आणि मॉड्यूल लिहायचंच आहे, तर मग कंजुषी करू नका. एकदाच असं फंक्शन, म्हणजे नावानं हाक मारली की ठरलेलं काम करून देणारा तुकडा, लिहा की जगाच्या अंतापर्यंत पुरेल. सोयाबीन, तूर, कपाशी, संत्री, उद्या कोणी हत्ती विकायला आणला तर हत्ती. मुकादमाच्या प्रकरणानंतर मी असं एक लिहिलं. त्याला एकोणीस गोष्टी द्याव्या लागायच्या. हाक मारली की दिसायचं असं : पावती_छापा(47, 5328, ट्रू, फॉल्स, ट्रू, 0, नन, ट्रू) आणि पुढे आणखी अकरा. ट्रू म्हणजे हो, फॉल्स म्हणजे नाही, नन म्हणजे काहीच नाही. यातला 5328 ओळखता येतो, तो 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव. बाजारात तो हातात पडतो का, हे फंक्शनला विचारू नका. पण पाचव्या जागेवरचा ट्रू कशाचा? मीच लिहिलंय आणि मलाच माहीत नाही. फॉल्स करून पाहिला तर प्रिंटर बंद पडला, म्हणून ट्रू ठेवलाय.

आमच्याकडे नांगर वेगळा, वखर वेगळा, तिफण वेगळी, डवरा वेगळा. एकाच अवजारानं सगळी शेती करीन म्हणणाऱ्याला गावात वेड्यात काढतात. बैलाला तर मागे काय जुंपलंय याच्याशी कर्तव्यच नाही. खांद्यावर जू आलं की चालायचं, एवढाच त्याचा करार. 1972 मध्ये डेव्हिड पार्नास या संगणकतज्ज्ञांनी एका लेखात मांडलं की प्रोग्रामचे तुकडे पाडताना आधी हे काम, मग ते काम, अशा क्रमानं पाडू नयेत. जी गोष्ट उद्या बदलण्याचा संभव आहे ती एकेका तुकड्याच्या पोटात लपवावी, म्हणजे बाकीच्यांना तिचा पत्ता लागत नाही. हमालीचा दर हमालीच्या फंक्शनपाशी, प्रिंटरची कटकट प्रिंटरच्या फंक्शनपाशी. बैलाला हे जन्मतः कळतं. मला एकोणीस ट्रू-फॉल्स झाल्यावर थोडं कळलं.

आता पंपाचं सांगतो, कारण मी यात खरा पारंगत आहे.

माझ्या काकांनी मागे एकदा शेजाऱ्याचा फवारणीचा पंप मागून आणला. त्यानं आदल्याच आठवड्यात त्या पंपानं धुऱ्यावरचं तण मारायला टू-फोर-डी फवारलं होतं, आणि काम झाल्यावर पंप उपडा करून ठेवला होता. धुतला नव्हता. काकांनी त्यात माव्याचं औषध कालवलं आणि कपाशीवर मारलं. थोड्या दिवसांत शेंड्याची पानं आकसली, बारीक झाली, बोटं फुटल्यासारखी लांबुळकी दिसायला लागली. काका कृषी केंद्रवाल्याशी भांडून आले, बियाण्यावर संशय घेतला, माझ्यावरही घेतला. कपाशी टू-फोर-डीला इतकी हळवी असते की टाकीच्या तळाशी राहिलेलं पाणीसुद्धा पुरतं. औषध बरोबर, माप बरोबर, फवारणारा बरोबर. बिघाड आदल्या माणसाच्या कामाचा.

पायथनमध्ये हाच चमत्कार तुम्हाला एका ओळीत करता येतो, त्यासाठी शेजारीसुद्धा लागत नाही. एका शेतकऱ्याच्या पोत्यांची वजनं गोळा करायला मी फंक्शन लिहिलं : पोते_टाका(वजन, यादी=[]). म्हणजे यादी दिली तर तिच्यात टाक, नाही दिली तर कोऱ्या यादीपासून सुरू कर. निदान मला तसं वाटत होतं. पण ती कोरी यादी पायथन दर हाकेला नवी बनवत नाही. फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच बनवतो आणि मग तीच जन्मभर वापरतो. कालचं औषध तळाशी तसंच.

आणि मी तपासलं नाही असं समजू नका, भरपूर तपासलं. एका शेतकऱ्याची तीन पोती टाकली, पावती बरोबर आली, प्रोग्राम बंद केला. परत सुरू केला, तीन पोती, बरोबर, बंद. असं दहा वेळा. दर वेळी प्रोग्राम बंद होत होता म्हणजे पंप दर वेळी आपोआप धुतला जात होता. दुकान मात्र प्रोग्राम सकाळी उघडतं आणि रात्री बंद करतं. बाजाराच्या दिवशी पहिल्या शेतकऱ्याची तीन पोती लागली, ठीक. दुसऱ्यानं दोन आणली, पावती निघाली पाचाची. तो काही बोलला नाही. पावती खिशात घातली, पैसे घेतले आणि चहासुद्धा न घेता जरा घाईनं निघाला. चौथ्या शेतकऱ्याच्या वेळी दुकानदाराच्या लक्षात आलं की गोदामात आहे त्याच्या दुपटीहून जास्त माल आपण विकत घेतलाय.

उपाय अगदीच बेचव आहे : यादी=नन लिहायचं आणि फंक्शनच्या आत शिरल्यावर, यादी नन असेल तर तिथे नवी कोरी बनवायची. पंप वापरण्याआधी धुवायचा, मागच्यानं धुतला असेल या भरवशावर राहायचं नाही. दोन ओळींचं काम. पण मग त्या दुसऱ्या शेतकऱ्याचं काय झालं असतं?

बारीकसारीक सल्ले भराभर देऊन टाकतो. मॉड्यूलमध्ये फंक्शनांच्या खाली, अगदी डाव्या कडेला, कामाच्या ओळीही लिहून ठेवा. फाइल इम्पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये बोलावली, की पायथन ती वरपासून खालपर्यंत चालवतो, त्यामुळे तुम्हाला फक्त हमालीचं फंक्शन हवं असतं तेव्हा प्रिंटरमधून कालच्या चाळीस पावत्याही फुकट मिळतात. फाइल थेट चालवली की कोणी इम्पोर्ट केली, हे ओळखून त्या ओळी अडवण्याची सोय भाषेत आहे. तिचा उल्लेख कोणाजवळ करू नका. फायलीला नाव देताना 'कॅलेंडर'सारखं भारदस्त द्या. मी पोळा, तान्हा पोळा आणि बाजारबंदच्या तारखा ठेवायला दिलं होतं. पायथनचं स्वतःचं त्याच नावाचं मॉड्यूल आहे आणि त्याला तुमचं आधी सापडतं, त्यामुळे तारखा मागायला गेलेल्या दुसऱ्याच एखाद्या मॉड्यूलच्या हातात पोळा पडतो.

दुसऱ्याचं मॉड्यूल आणायचं असेल तर काहीही आणा, अगदी ओळीच्या डावीकडे मोकळी जागा सोडायलासुद्धा. मार्च 2016 मध्ये एवढंच काम करणारा, अकरा ओळींचा, लेफ्ट-पॅड नावाचा तुकडा त्याच्या लेखकानं नावाच्या एका भांडणात सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला. जगभरात ज्यांची कामं आडून-आडून त्याच्यावर टेकलेली होती ती अडली. शेजारी गाव सोडून गेला, जाताना आपली दोरी घेऊन गेला, आणि तेव्हा लोकांना कळलं की अर्ध्या गावाचे पोहरे त्याच दोरीला होते.

आणि मॉड्यूलच्या डोक्यावर दोन ओळी लिहिण्याचा मोह टाळा. आत काय द्यायचं, कोणत्या मापात द्यायचं, बाहेर काय येतं, हे पुढच्या माणसानं ओळखावं. माझं रकमेचं फंक्शन क्विंटल मागायचं. मी ते मनात ठेवलं होतं. चुलतभावानं ते वापरलं आणि किलो दिले. अठरा क्विंटल सोयाबीनची पावती निघाली 95,90,400 रुपयांची. शेतकऱ्यानं दुकानात भांडण केलं नाही, फोटो काढून स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याच्या मुलासाठी दोन स्थळं आली.

मोठ्या लोकांचंही असंच झालंय, म्हणून मन खट्टू करू नका. 4 जून 1996 रोजी एरियन 5 हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. दिशा सांभाळणारा प्रोग्राम एरियन 4 वरून तसाच उचलला होता, तिथे तो वर्षानुवर्षं नीट चाललेला. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक आकडा अशा खणात कोंबला जायचा, ज्यात 32767 च्या वर काही मावत नाही. एरियन 4 त्या हद्दीत राहायचं. नवं रॉकेट जास्त वेगवान, खण उतू गेला. आणि त्या भागाचं एरियन 5 ला उड्डाणानंतर कामच नव्हतं, जुन्यात होतं म्हणून राहू दिलेलं. ज्वारीला जुळवलेली तिफण हरभऱ्याला लावावी, तसं. तिफण चांगलीच होती.

एवढं सगळं भोगून गेल्या उन्हाळ्यात मी एकदाचं शहाणपण केलं. हमालीला एक फाइल, पावतीला एक, लाखाच्या स्वल्पविरामाला एक, कारण पायथनला सांगितलं तर तो सव्वा लाखाला 125,000 लिहितो आणि दुकानदार विचारतो हे कोणत्या देशाचे पैसे. चौदा फायली मोडीत काढल्या. परवा दुकानातून फोन आला की हमाली परत बदलली. मी बसल्या जागी एक आकडा बदलला, सेव्ह केलं आणि तर्री-पोहे मागवले.

पोहे यायच्या आत वणीहून फोन. दुकानदाराच्या साळ्याचं तिथे दुकान आहे. त्याला मागे मी माझ्या मॉड्यूलची एक नक्कल पेनड्राइव्हवर दिली होती, आणि त्यानं ती आपल्या हातानं 'थोडी सुधारली' होती. "तुमच्या इकडं बदललं म्हनते. मग आमचं काहून नाई बदललं जी?"

वणीची पहिली एसटी सकाळी साडेसहाला आहे.