गादी कोणाच्या हद्दीत?

समोरून राष्ट्रीय महामार्ग जातो, हे आमच्या बिल्डरने फ्लॅट विकताना छाती फुगवून सांगितलं होतं. जाताना तो काय काय मागे ठेवून जातो, ते माहितीपत्रकात नव्हतं. सर्व्हिस रोडच्या कडेला शहाळी, कोंबड्यांची पिसं आणि थर्माकोलच्या ताटल्या असा ऐवज कायम साचलेला. (राज्यात 2018 पासून बंदी आहे म्हणे, ताटल्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.) कुणीतरी युक्ती म्हणून भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या. लोक लगेच भक्तिभावाने तिथे निर्माल्य ठेवू लागले, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

हे सगळं अंगवळणी पडलं होतं. पण एका सकाळी तिथे डबलबेडची गादी अवतरली.

"अहो, कापसाची आहे!" बायको गॅलरीतून हळहळली. "पिंजून घेतली असती तर अजून दहा वर्षं गेली असती." तिचं दुःख वेगळं, माझं वेगळं.

मी आधी कायदे वाचले, ही माझी जुनी खोड. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या मालकीचे आणि सुस्थितीत ठेवायचे तेही केंद्रानेच, हा 1956 चा कायदा. शहरातले रस्ते झाडणं महानगरपालिकेचं बंधनकारक काम, हा 1949 चा. गावच्या स्वच्छतेसाठी ग्रामपंचायतींचा 1958 चा. आमची सोसायटी नेमकी अशा जागी की अलीकडे शहर संपतं, पलीकडे गाव लागतं आणि मधून महामार्ग. म्हणजे गादीला तीन तीन पालक. मी निर्धास्त झालो.

पालिकेतून उत्तर आलं, "सर्व्हिस रोड महामार्गवाल्यांचा."

महामार्गवाले म्हणाले, "साहेब, डांबर आमचं. गादी डांबरावर आहे का?"

"अर्धी आहे."

"उशाकडची की पायथ्याकडची?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. ग्रामपंचायतीतले भाऊ त्या मानाने मोकळे. "आमची घंटागाडी नाल्यापर्यंतच येते, काका. गादी नाल्यात पडली की लगेच फोन करा."

मी रात्री खाली जाऊन पायाने ढकलून पाहिली. गादी तसूभरही सरकली नाही, माझी कंबर मात्र सरकली.

शेवटी संयुक्त पाहणी ठरली. तिन्हीकडची माणसं आली, टेप धरला गेला, हद्दीचा दगड शोधला गेला. तो शहाळ्यांखाली होता, त्यामुळे आधी शहाळी कुणी हलवायची यावर चर्चा झाली. मग नकाशा पसरायला सपाट जागा लागली, म्हणून तो गादीवरच पसरला. एकजण जरा टेकलाही. सोसायटीने चहा पाजला. कागदी कप कुठे गेले ते सांगत नाही.

दोन दिवसांनी गादी गायब. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने ती उन्हात झटकून आपल्या टपरीत अंथरली होती आणि तिच्यावर तो गाढ झोपला होता.

संध्याकाळी मोबाइलवर ओळीने तीन मेसेज आले. पालिका, महामार्ग, ग्रामपंचायत: "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया अभिप्राय द्यावा." मी तिघांनाही पाच पाच तारे दिले. पंक्चरवाल्याला तारे द्यायची सोय नाही, म्हणून गरज नसताना स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा भरून घेतली.