डबल ऑक्युपन्सी

टूरवरून परतलेल्या नवऱ्याला घरात थोडा काळ मान असतो. बूट काढायच्या आत पाणी मिळतं, गरम वरणभात मिळतो, टीव्हीचा रिमोट न मागता हातात येतो. ‘किती दगदग हो तुमची,’ असं सासूबाई फोनवर म्हणतात. हा मान मी बऱ्याच वर्षांच्या मेहनतीने कमावला होता. मेहनत अशी, की रात्री हॉटेलातून फोन करताना आवाज जरा खोल लावायचा, ‘खाल्लं काहीतरी’ एवढंच म्हणायचं आणि बुफेतल्या गुलाबजामांचा विषय काढायचा नाही. एकदा बोलता बोलता मागून स्विमिंग पूलमधल्या पोरांचा गलका ऐकू गेला, तेव्हा ‘समोर शाळा आहे’ असं सांगून वेळ मारून नेली होती. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बायको तेव्हा काही बोलली नाही. ती बँकेत आहे आणि शाखांच्या तपासणीला जाते. संशय आल्याबरोबर बोलून टाकणारी माणसं त्या कामाला घेत नसावेत.

मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आमच्या पंपांचे ओतीव लोखंडी भाग, म्हणजे कास्टिंग्ज, कोइमतूरच्या फाउंड्रीतून येतात आणि त्या फाउंड्रीचं ऑडिट माझ्याकडे असतं. या वेळी टूरची तारीख ठरली आणि ही म्हणाली, “माझ्या रजा वाया जातायत. मीही येते. खोलीचं भाडं कंपनी देतेच. त्यात एकजण झोपला काय आणि दोघं झोपली काय!”

यावर देण्यासारखं उत्तर जगात नाही. मी एचआरकडे गेलो. तिथल्या बाईंनी आधी दार लोटून घेतलं. “तोंडी विचारताय ना? मग चालेल. लेखी विचारलंत, तर मला लेखी नाही म्हणावं लागेल.” साहेबांना सांगायचं का, असं विचारल्यावर त्यांनी ‘तुम्ही अजून इथेच?’ अशा नजरेने पाहिलं. मी साहेबांना सांगितलं नाही.

घरी हिने तोवर कायदा काढून ठेवला होता. आयकराच्या नियमांत या प्रसंगाची व्यवस्था केलेली आहे. कर्मचाऱ्याबरोबर कंपनीच्या दौऱ्यावर घरचं माणूस गेलं आणि त्याचा खर्च कंपनीने सोसला, तर तो खर्च कर्मचाऱ्याच्या पगारात धरून त्यावर कर लावायचा. दौरा लांबवून त्याची सहल केली, तर त्या वाढीव दिवसांच्या खर्चावरही तेच. घरचं माणूस म्हणजे कोण, याचीही यादी आहे: नवरा किंवा बायको, मुलं, सुना-जावई, आईवडील, नोकरचाकर आणि वर अवलंबून असलेले इतर. हा नियम लिहिणाऱ्याने कुठला दौरा पाहिला होता कोण जाणे. मला तर वाचताना बसच्या टपावर बांधलेल्या वळकट्या आणि पुढे बसलेला बँडवाला दिसत होता.

“म्हणजे माझा पै न् पैचा खर्च वेगळा ठेवायचा,” असं म्हणून हिने तीन पाकिटं केली. एकावर ‘कंपनी’, दुसऱ्यावर ‘स्वतः’ आणि तिसऱ्यावर ‘वादग्रस्त’. तिचं विमानाचं तिकीट निघतानाच ‘स्वतः’मध्ये गेलं. कोइमतूरच्या विमानतळाबाहेर टॅक्सीत बसलो तेव्हा तिसऱ्या पाकिटाचं उद्घाटन झालं. टॅक्सी माझ्या एकट्यासाठीही केलीच असती, हे हिला मान्य होतं. पण दोन बॅगा असल्यामुळे मोठी गाडी घेतली होती, तेव्हा लहान आणि मोठ्या गाडीच्या भाड्यातला फरक कुणाचा? अविनाशी रोडवरचं हॉटेल येईपर्यंत हा प्रश्न सुटला नाही.

हॉटेलात एकाचा दर आणि दोघांचा दर यांत फरक होता. तेवढ्या फरकाचं बिल वेगळं, माझ्या नावाने, आणि मूळ बिल कंपनीच्या नावाने जीएसटी नंबरसकट, असं मी काउंटरवर सांगत होतो. मधेच ही त्या मुलाला समजावू लागली, की हॉटेल ज्या राज्यात, खोलीवरचा कर त्याच राज्याचा. त्यामुळे महाराष्ट्रातल्या नंबरावर तामिळनाडूच्या या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळतच नाही. मग नंबर टाकायचा कशाला? मुलगा म्हणाला, “करेक्ट मॅडम.” हीच गोष्ट मी आमच्या अकाउंट्सला समजावायला जातो, तेव्हा ‘बिलावर नंबर नाही, व्हाउचर पास होणार नाही’ एवढंच उत्तर मिळतं. नंबर टाकून घेतला.

मग खोलीचं दार उघडलं.

मी या खोल्यांचं घरी जे वर्णन करत आलो होतो, त्यात पंखा होता, मच्छर होते आणि कोपऱ्यात बादली होती. ही आत आली. पलंगावर बसून तिने गादी दाबून पाहिली. फ्रिज उघडला, बंद केला. कपाटातल्या पांढऱ्या सपाता, सुईदोऱ्याची पुडी आणि बुटांना पॉलिश करायचा रुमाल ओळीने मांडला. बाथरूमचा दिवा लावला आणि आतल्या टबाकडे बराच वेळ पाहत राहिली. बाहेर येऊन म्हणाली, “किती दगदग हो तुमची!” आवाज थेट तिच्या आईचा.

सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात होता. मी घाईने कोपऱ्यातलं टेबल धरलं. पोंगल, मेदुवडे, आप्पम, तीन रंगांच्या चटण्या, कापलेली फळं, पलीकडे डोशाचा तवा. “तिकडे सकाळी नुसती इडली मिळते, पोटच भरत नाही,” हे वाक्य मी घरी इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते भिंतीवर लिहिलेलं दिसू लागलं. तेवढ्यात ओळखीचा वेटर हसत आला. “गुड मॉर्निंग सर! टू घी रोस्ट, अ‍ॅज युज्वल?” या देशातल्या हॉटेलांमध्ये सेवेचा दर्जा घसरत चाललाय अशी तक्रार मी ऐकतो. कुठे घसरलाय ते मला दाखवा, मी तिकडेच उतरेन.

फाउंड्रीने मला न्यायला गाडी पाठवली. ही खाली निरोप द्यायला आली, ड्रायव्हरने पाहिलं आणि मी गेटवर पोचायच्या आत ‘मॅडम आल्यात’ ही बातमी मालकांच्या टेबलावर होती. मालक उभेच राहिले. “सर! मॅडम अलोन इन हॉटेल? नो नो.” गाडी उलट फिरवली, ड्रायव्हरला सांगितलं की मॅडम म्हणतील तिथे न्यायचं. अर्ध्या तासाने गाडी रिकामी परत आली. मागोमाग हिचा फोन.

“ज्यांच्या मालाला तुम्ही आज पास-नापास करणार, त्यांच्या गाडीतून मी देवळं बघत हिंडू? तुमच्या कंपनीत चालत असेल. आमच्याकडे चार्जशीट देतात.”

ती गुलाबी तोंडाच्या सरकारी बसमध्ये चढली. तामिळनाडूत या साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. तिने दिवसभर शहर पालथं घातलं आणि ‘स्वतः’ पाकिटात प्रवासखर्चापुढे शून्य लिहिलं. मी वर्षानुवर्षं कोइमतूरला जातोय. मला विमानतळ, हॉटेल आणि फाउंड्रीचा वॉचमन एवढं कोइमतूर माहीत आहे. हिने संध्याकाळी मला शहर समजावून सांगितलं. काळी माती, म्हणून कापूस. कापूस, म्हणून गिरण्या. १९३० च्या दशकात निलगिरीतल्या पायकाऱ्याची जलवीज आली आणि गिरण्यांचं पेव फुटलं. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करता करता लोक स्वतःच यंत्रं बनवायला लागले, इथले उद्योजक जी. डी. नायडू यांच्या कारखान्यात १९३७ मध्ये विजेची मोटर तयार झाली. मोटर आली तसे विहिरींवरचे पंप आले. “आणि पंपांसाठी ओतकाम. म्हणून तुमच्या फाउंड्र्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” मला ब्लो होल सोडून तिथे कुणी काही सांगितलं नव्हतं.

ब्लो होल मात्र भरपूर होते. ओतलेल्या लोखंडात वायू अडकला की आत पोकळी राहते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, मशिनवर एक थर काढला की भोकं उघडी पडतात. साच्यात आत बसवायचे वाळूचे ठोकळे, म्हणजे कोअर, नीट वाळवले नव्हते, हे मालकांनाही कळत होतं. मी मेजर एनसी, म्हणजे ऑडिटमधला मोठा दोष, काढणार म्हटल्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले. “सर, मायनर पोडुंगो,” मायनर लावा म्हणून ते तामिळमध्येच विनवू लागले. नेमका तेव्हाच हिचा फोन आला. मालकीणबाईंनी हॉटेलवर फोन करून हिला संध्याकाळी घरी कॉफीला बोलावलं होतं.

“सही झाली का तुमची? झाली असेल, तरच हो म्हणते.”

मराठी त्या खोलीत कुणाला येत नव्हती, पण ‘सही’ हा शब्द बहुधा फाउंड्रीत सगळ्या भाषांत कळतो. मालक माझ्या पेनाकडे बघत होते. मी मेजरवर सही केली. वर नवीन कोअर घालून पुन्हा ओतायचं आणि मी थांबून तपासायचं, असं ठरलं. म्हणजे हिचा उटीचा बेत बुडाला. उटीची ती छोटी आगगाडी सकाळी मेट्टुपाळयमहून सुटते, ४६ किलोमीटरला पाचएक तास घेते, मधल्या चढावर इंजिनाची दातेरी चाकं रुळांमधल्या दातांत अडकवत वर जाते. २००५ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. हिने स्वतःच्या पैशाने दोन तिकिटं काढली होती. ती न वापरलेली तिकिटं ‘वादग्रस्त’मध्ये गेली, आणि त्यांत वाद कसला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी मालकांच्या घरी पितळी वाटीत पेला ठेवून कॉफी आली. मी आणि मालक सोफ्याच्या दोन टोकांना बसून भिंतीवरचं एकच कॅलेंडर वाचत होतो. आत स्वयंपाकघरात मात्र रंग भरला होता. मालकीणबाई तामिळमिश्रित इंग्रजीत आणि ही मराठीमिश्रित हिंदीत, विषय ग्राइंडर. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला आहे तसं. दगडावर वाटलेलं पीठ तापत नाही, म्हणून इडली हलकी होते, असं त्यांचं म्हणणं. मालकांनी लगेच खिशातून फोन काढला, “मॅडम, अवर स्मॉल गिफ्ट…” हिने हात जोडले. दुसऱ्या दिवशी क्रॉसकट रोडवर जाऊन, घासाघीस करून, पक्क्या बिलावर ग्राइंडर विकत घेतला.

विमानात माणशी पंधरा किलो. काट्यावर आमचं सामान वर गेलं आणि काउंटरवरच्या मुलीने जादा वजनाचे पैसे सांगितले. मी ग्राइंडरकडे पाहिलं. ही म्हणाली, “त्याच्याकडे काय बघताय? तो माझ्या पंधरात बसतो. तुमच्या बॅगेत ते भोकं पडलेलं लोखंड आहे ना, नमुना म्हणून घेतलेलं? ते कंपनीचं. जादा भाडं कंपनीचं.” मुलगीही मान डोलावत होती. पावती ‘कंपनी’ पाकिटात गेली आणि, आश्चर्य म्हणजे, पुण्यात पासही झाली.

अडकलं ते दुसरंच. दोन बिलं वेगळी करताना हॉटेलवाल्यांनी धोब्याचा हिशेब माझ्या बिलात टाकला होता. शर्ट – ३, पँट – २, ब्लाउज – १. अकाउंट्सने ब्लाउजभोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी लिहिलं होतं: ‘कंपनीच्या कामाशी संबंध?’ मी ती रक्कम मुकाट्याने भरली. साहेबांपर्यंत काही गेलं नाही, या आनंदात मी आठवडाभर होतो.

मग फाउंड्रीचा सुधारणा अहवाल मेलवर आला. मला, परचेसला, अकाउंट्सला, एचआरला आणि वर साहेबांना. मुद्दा पहिला, कोअर वाळवायची वेळ वाढवली. दुसरा, साच्यात वायू निघायला वाट ठेवली. तिसरा, ओतताना तापमान नोंदवायला माणूस नेमला. चौथा, आमच्या एनसीमुळे मॅडमचा उटीचा कार्यक्रम राहिला त्याबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या ऑडिटला तो आमच्याकडून पूर्ण करू.

साहेबांनी सगळ्यांना एकच ओळ पाठवली. पहिले तीन मुद्दे बंद समजावेत. चौथ्यासाठी संबंधितांनी स्वतंत्र मंजुरी घ्यावी, लेखी.