स्टेंट का बंद पडला, हे आधी पाहावे
मांडीच्या धमनीतला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बंद पडल्यास आत पुन्हा फुगा फुगवला की काम झाले, हा लेखाचा सूर मला अपुरा वाटतो. आत पेशींचा थर हळूहळू वाढून वाट अरुंद झाली असेल, तर साध्या फुग्याने तो थर नुसता दाबला जातो आणि बरेचदा पुन्हा वाढतो; म्हणून पॅक्लिटॅक्सेल या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप असलेला फुगा वापरतात. (या औषधाने मृत्यूचा धोका वाढतो ही २०१८ मध्ये उठलेली शंका उपलब्ध माहितीवर टिकत नाही, असे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये सांगितले, लेखात याचा उल्लेख हवा होता.) अचानक गुठळी होऊन पाय गार पडला असेल, तर मात्र तास मोजायचे असतात आणि गुठळी विरघळवावी किंवा ओढून काढावी लागते. माझ्या वडिलांचा स्टेंट दुसऱ्यांदा बंद पडल्यावर त्यांच्याच पायातली शीर वापरून बायपास केली. पूर्वी कोपऱ्यावरच पोटरी भरून येणारे ते आता मंडईपर्यंत न थांबता जातात.