सांस्कृतिक विभागाचा कार्यभार स्वीकारणाऱ्यांस चार सूचना

अभिनंदन. बदलीच्या आदेशात तुमच्या नावापुढे ‘सांस्कृतिक विभागाचा अतिरिक्त कार्यभार’ उमटला आहे. तुमचं मूळ खातं घनकचरा असो की मिळकतकर, हा कार्यभार मागून कुणाला मिळत नाही. नको त्या माणसाला नको ती नोटीस काढली की तो आपसूक चालत येतो. आता झालं ते झालं. पहिली खबरदारी अशी की, नाटकाची किंवा गाण्याची आवड असेल तर ऑफिसात चकार शब्द काढू नका. आवड असलेल्या माणसाला मत असतं, मत टिपणीत उतरतं आणि टिपणीखाली सही तुमची असते. ‘मान्यतेस्तव सादर’ एवढ्या दोन शब्दांवर माणसं सुखाने निवृत्त झाली आहेत.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 टेबलावर ठेवा, पण त्यातली दोनच कलमं लक्षात ठेवा. कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत: पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा. नाट्यगृहं येतात कलम 66 मध्ये, म्हणजे जमलं तर करायच्या यादीत. पत्रकाराने मोडक्या खुर्च्यांबद्दल छेडलं की 66 सांगायचं. महोत्सवाला कोटीभर रुपये मागायचे असतील तेव्हा मात्र ‘शहराची सांस्कृतिक ओळख’ म्हणायचं. तिथं कलमाचा आकडा काढू नये.

या खात्याची खरी सत्ता तारखांच्या रजिस्टरात आहे. पुण्याकडच्या नाटकवाल्यांचा दिवस 12.30, 5.30 आणि 9.30 असा चालतो आणि त्यांना हवे असतात शनिवार-रविवार, कारण मंगळवारी दुपारी तिकीट काढायला कोण येतंय? तारखांचं वाटप तुम्ही अगदी नियमाने, सगळ्या संस्थांना बोलावून करा. कुणाला नावं ठेवायला जागा राहता कामा नये. मग एका शनिवारी सकाळी 10 ला कुणाचा तरी अभीष्टचिंतन सोहळा त्यात सरकवा. सोहळा 10 चा असला तरी मुख्य पाहुणे येतात 11.30 ला, आणि आभारप्रदर्शन 1 ला संपतं. नाटकाचा टेम्पो 9 पासून मागच्या दाराशी उभा असतो. नेपथ्य उभं करून दिवे लावायला दोन तास धरले तर 12.30 चा पडदा उघडतो 3 ला. तीन तासांचं नाटक 6 ला संपतं आणि तोवर 5.30 च्या प्रयोगाचा प्रेक्षक पायऱ्यांवर उभा राहून शिव्या घालत असतो. कुणाला? निर्मात्याला. तुमचं नाव तिकिटावर छापलेलं नसतं, हा या नोकरीतला सगळ्यात मोठा भत्ता आहे.

निर्माता भांडायला आलाच, तर त्याला आरक्षणाच्या अटी दाखवा. कोणतंही कारण न देता तारीख रद्द करण्याचा अधिकार महापालिकेने राखून ठेवलेला असतो, आणि ते वाक्य शेवटच्या पानावर बारीक टायपात असतं. निवडणूक कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही नाट्यगृहातच होतं, तेव्हा तर कारणही आयतं मिळतं. ऑनलाइन आरक्षण मात्र जरूर आणा. दलाल जाणार म्हणून वर्तमानपत्रं कौतुक करतात. फक्त ॲपमध्ये ‘राखीव’ असा लाल चौकोन ठेवायला विसरू नका. त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे ॲपमध्ये लिहावं लागत नाही.

देखभालीचं एक मूलभूत तत्त्व आहे: दुरुस्त झालेल्या फ्लशची फीत कुणी कापत नाही. सभागृहात हजार आसनं असतील तर 400 बायका धरा. स्वच्छतागृहात आठ कप्पे, त्यातले दोन कायमचे ‘बंद आहे’. उरलेल्या सहांत एकीला दोन मिनिटं, म्हणजे मध्यंतराच्या 15 मिनिटांत 45 जणी. तरीही निविदेत तुम्ही लिहायचं ते दर्शनी भागाची विद्युत रोषणाई, कारण ती रस्त्यावरून दिसते. आतला वास फोटोत येत नाही.

वातानुकूलनाबद्दल तक्रार आली की आधी वीजबिल दाखवा, मग यंत्रणा पहिल्या घंटेला सुरू करायचा तोंडी आदेश द्या. रिकामं सभागृह गार व्हायलाच तासभर लागतो. माणसं भरल्यावर सुरू केलं तर थंडावा दुसऱ्या अंकात पोचतो, आणि तोपर्यंत निम्म्या लोकांनी तिकिटांचे पंखे केलेले असतात. लेखी आदेश अजिबात देऊ नका. शिवाय यंत्रणा विद्युत विभागाची, छप्पर भवन विभागाचं, झाडू ठेकेदाराचा आणि उंदीर आरोग्य खात्याचा. उंदराने दिव्यांची केबल कुरतडली तर पत्र कुणाला लिहायचं, हे ठरेपर्यंत आर्थिक वर्ष सरतं. यालाच समन्वय म्हणतात.

हे सगळं फारच अंगावर आलं तर रामबाण उपाय: पुनर्विकासाचा प्रस्ताव. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 ला उघडलं, आणि त्याच्या पुनर्विकासावर कित्येक वर्षं चर्चा झाली. इमारत पाडायची की ठेवायची यावर शहर दोन गटांत वाटलं गेलं की खुर्चीची स्प्रिंग टोचते हा विषयच उरत नाही. पाडायचीच आहे म्हटल्यावर दुरुस्तीवर खर्च करणं म्हणजे लेखापरीक्षणाला आमंत्रण.

आगीच्या बाबतीत मात्र थट्टा नको, कागद हवा. परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. मालक महापालिका, तो घेणारं अग्निशमन दलही महापालिकेचंच. त्यामुळे आपण आपल्याला स्मरणपत्र पाठवायचं आणि आपणच मुदतवाढ मागायची. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 मधलं पॅलेस थिएटर, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अशा वेळी ‘सर्व नाट्यगृहांची तातडीने तपासणी करण्याचे निर्देश’ अशी प्रेसनोट त्याच दिवशी जायला हवी. निर्देश दिले की काम झालं. तपासणीचा अहवाल कुणी मागत नाही.

महोत्सव हे तुमच्या कारकिर्दीचं शिखर. मोकळ्या मैदानात ध्वनिवर्धक रात्री 10 ला बंद. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षाला 15 दिवसांच्या पलीकडे देता येत नाही, आणि त्यातले बहुतेक गणपती आणि नवरात्र खाऊन टाकतात. म्हणून वेळापत्रक उलट्या दिशेने आखा. 6 ते 8.45 दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगतं. उरलेल्या सव्वा तासात गायक तानपुरे जुळवतो, एक बडा ख्याल होतो आणि पोलीस हवालदार घड्याळ बघत विंगेत येतो. श्रोते हळहळतात; हळहळ हीच आपल्याकडे अभिजाततेची खूण मानली जाते.

खर्चाचं अंदाजपत्रक करताना मंडप, एलईडी पडदा, जनरेटर, शाल-श्रीफळ, सन्मानचिन्ह, भोजन असे क्रमाने लिहीत या. कलाकाराचं मानधन शेवटी ‘इतर’मध्ये. कलाकाराला थेट पैसे देण्याच्या भानगडीत पडू नका. वासुदेवाकडे, गोंधळ्याकडे, भजनी मंडळाकडे लेटरहेड नसतो. तो मागा. मग पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश, महसुली तिकीट लावलेली पावती मागा. तिसऱ्या खेपेला तो येईनासा होतो. त्यामुळे सगळं काम एका इव्हेंट कंपनीला द्यावं लागतं, आणि ती त्याच गोंधळ्याला आणते. फरक एवढाच की आता बिल कंपनीचं असतं आणि गोंधळ्याने विचारायचं ते कंपनीला.

पुरस्कारांना घाई करू नये. निवड समितीची बैठक दोन वर्षं झाली नाही तर तीन वर्षांचे मानकरी एकदम जाहीर करता येतात आणि हॉल, हार, जेवण एकाच खर्चात भागतं. मानकरी वयस्कर असतील तर घाई करा असं काही जण सुचवतात; मरणोत्तर पुरस्काराची तरतूद आहे, त्यांना कळवा.

कोनशिलेचा मजकूर मात्र सगळ्यात शेवटी कोरायला द्या. पालकमंत्री, खासदार, आमदार, महापौर यांचा क्रम राजशिष्टाचाराप्रमाणे ठरतो, पण अक्षरांचा आकार ठरत नाही, आणि भांडणं आकारावरूनच होतात. सगळी नावं एकाच मापात बसवायची असतील तर वास्तुरचनाकाराचं नाव गाळा. तो भांडत नाही. आचारसंहिता लागली की कोनशिला कागदाने झाकावी लागते. तेव्हा डिंक लावू नका, चिकटपट्टी वापरा. डिंकाने निघालेल्या सोनेरी रंगाची चौकशी लागते.

फेब्रुवारीत तुमच्या लेखाशीर्षात शिल्लक दिसली की तिच्यावर इतरांचे डोळे लागतात. नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेसाठी ठेवलेली रक्कम वर्गीकरण होऊन, म्हणजे एका कामावरून दुसऱ्याकडे वळवून, प्रभागातल्या कमानीकडे, बाकड्यांकडे आणि कापडी पिशव्यांकडे जाते. रडू नका. वर्गीकरणाच्या प्रस्तावावर ‘सदर काम प्रगतिपथावर नसल्याने’ असं लिहावं लागतं, ते तुम्हीच लिहा. नाहीतर ‘प्रशासकीय दिरंगाईमुळे’ असं दुसरा कुणी लिहील. जे पैसे वाचले त्यातून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा कार्यादेश काढा. ठेकेदार येतो मेअखेर, स्लॅब वाळायच्या आत पाऊस येतो, आणि ऐन प्रयोगात विंगेत बादली ठेवावी लागते. बादली भांडारातून मागवा. रोख घेतलीत तर तीन दरपत्रकं लागतील.

दीड-दोन वर्षांत बदली येईलच. कार्यभार सोपवताना सामानाची यादी होते: पेटी एक, भाता फाटलेला, डिमर 24, चालू 11, मखमली पडदा एक, कसर लागलेला, उद्घाटनाच्या कात्र्या 16, सुस्थितीत. ही यादी तुमच्या आधीच्याने तुम्हाला जशी दिली तशीच टंकून घ्या आणि सही करण्यापूर्वी खाली ‘जसे आहे तसे’ लिहायला विसरू नका.